काकांची शिट्टी

आमच्या ऑफिसात एक रबरी माणूस आहे. डोकं, मान आणि खांदे, एवढाच. त्याखाली लोखंडी दांडा. कान मात्र खऱ्यासारखे, आतल्या वळणांसकट बनवलेले. त्याला सगळे काका म्हणतात. काकांच्या कानात आम्ही आमची नवी मशीनं घालतो आणि मग काकांना मिठी मारतो.

ऐकणारे इथे हसतात, म्हणून आधी कारण सांगून टाकते. आम्ही श्रवणयंत्रं बनवतो. मशीन बाहेरचा आवाज घेतं, मोठा करतं आणि कानात सोडतं. कानात सोडलेला आवाज फटीतून थोडा बाहेर झिरपतो. कानाजवळ कुणाचा गाल, उशी किंवा फोन आला की तो झिरपलेला आवाज तिथे आपटून परत मशीनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा झिरपतो. ही फेरी सुरू झाली की बारीक, चिरकी शिट्टी वाजायला लागते. नातीनं गळ्यात हात टाकले की आजोबांच्या कानातून शिट्टी. बहुतेक वेळा ती आजोबांना स्वतःला ऐकू येत नाही. जमलेल्या बाकी सगळ्यांना येते.

ती वाजू न देणं हे माझं काम. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आतली चिप, सॉफ्टवेअर वगैरे दुसरे लोक बघतात. माझ्याकडे कवच, बॅटरीचं दार, त्याची बिजागरी, आतला एवढासा स्पीकर ज्या रबरी खोबणीत बसतो ती खोबण, आणि मुंबईचा घाम. आधी एका कंपनीत मी औषधाची वाफ देणारी यंत्रं आणि सलाईनचे पंप करत असे. तिथे चूक झाली तर पेशंट दगावेल ही भीती असायची. इथे कुणी दगावत नाही. फक्त चारचौघांत शिट्टी वाजते.

अंधेरीला एमआयडीसीत आमची कंपनी आहे, एका गाळ्यांच्या इमारतीत. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनतात. शिट्टी मोजणारा डबा आमच्याकडे आहे, पण डब्याला कुणी मिठी मारत नाही. म्हणून मी नियम केला की कवचात काहीही बदल झाला, स्क्रू जरी हलवला, तरी शेवटची मिठी मी मारणार. काकांच्या खांद्यांवर हात टाकायचे, गालाला गाल लावायचा आणि ऐकायचं. शिट्टी नाही म्हणजे माल पुढे. माझा गाल लागल्याशिवाय पेटी हलत नसे. "मॅडम, काकांना भेटून घ्या," असं म्हणायची पद्धतच पडली होती. एकदा कुणीतरी काकांना गॉगल घातला होता. मी तो काढून ठेवला आणि मग मिठी मारली.

ह्या धंद्यात शिरल्यापासून मला एका गोष्टीचा राग होता. लोकांना मशीन हवं असतं, पण ते दिसायला नको असतं. दर मीटिंगमध्ये तेच. अजून लहान करा, अजून आत घाला, कातडीच्या रंगाचं करा. मी करून देत होते आणि मनात चिडत होते. चष्मा लावून मिरवता, मग ह्याचीच कसली लाज?

हे मी मनात ठेवायचे असंही नाही. घाटकोपरला कंपनीची एक लहानशी जागा आहे, तिथे शनिवारी कान तपासून मशीन बसवून देतात. मी अधूनमधून जायचे, कवच कुठे टोचतं ते बघायला. एकदा साधारण माझ्याच वयाची एक बाई आली होती. सरळ बोलणारी, नीटनेटकी. मशीन घालून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग काढून परत दिलं. म्हणाली, "मुलीला स्थळं येतायत हो. एवढं उरकू दे. त्यांना वाटायचं, बहिरेपण घराण्यातच आहे."

मी म्हटलं, "म्हणजे बहिरी विहीण चालेल, मशीनवाली चालणार नाही?"

बाकड्यावर बसलेली माणसं हसली. बाई पण हसली. पर्स उचलली आणि गेली. परत आली नाही. मला त्या दिवशी आपण बरोबर बोललो असंच वाटलं होतं. संध्याकाळी घरी येऊन बाबांना हा किस्सा रंगवून सांगितलासुद्धा.

माझे बाबा बहिरे आहेत. गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. एका खात्यात शेकडो माग एका वेळी खडखडत असायचे. तिथले सगळेच काही वर्षांत बहिरे व्हायचे आणि ओठ बघून, हातवारे करून बोलायचे. त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटायचं नाही. ते फक्त मोठ्यानं बोलायचे. घाटकोपरच्या चाळीत आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नसे. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी कोपऱ्यात बसले होते. बाबा गिरणीतून काम संपवून आले. त्यांनी आईला विचारलं, "काय झाला गो तिका?" आईनं हळू सांगितलं. त्यांना कळेना. तिनं खुणा केल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "असा काय! मगे गोडाचा करा कायतरी!"

दोन घरं सोडून पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू मला अजून आठवतं. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले आणि ह्या कामात पडले. लोक विचारतात तेव्हा मी वडिलांचं कारण सांगते. ऐकायला बरं वाटतं. पण वडिलांना ऐकू यावं म्हणून मी हे शिकले, हे काही पूर्ण खरं नाही. वडिलांचा आवाज लहान व्हावा म्हणून शिकले.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे मुलुंडला असतात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आमचं सगळ्यात बारीक, कानाच्या आत दडणारं मशीन मी त्यांना आणून दिलं होतं, तेव्हा त्यांनी ते तळहातावर घेऊन बघितलं आणि परत केलं. "ह्या दिसणाच नाय. मगे लोक मोठ्यान बोलतले कशे?" म्हणाले. त्यांना कानामागे बसणारं ठसठशीत मशीन हवं होतं. तेच वापरतात.

त्यांनीच मला पहिल्यांदा पकडलं. गेल्या वर्षीची गोष्ट. मी त्यांना गोळ्या घ्यायची आठवण करून देत होते. ते एकदम म्हणाले, "माझ्यार आराडतंस कित्याक? माका मशीन आसा."

"ओरडत नाहीये बाबा. नेहमीसारखंच बोलतेय."

"नेहमीसारख्या नाय. तुझो आवाज वाढलो. टीव्हीचो पण." मग माझ्याकडे जरा निरखून बघून म्हणाले, "तुका ऐकाक येना नाय काय?"

"काहीतरीच काय बाबा," मी म्हटलं आणि भाजी परतायला गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले असताना मी तपासणीच्या खोलीत गेले. दार जाड असतं, बंद केलं की स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो. हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. जाड आवाजांना मी पटापट दाबत गेले. आवाज बारीक होत गेले आणि मग शांतता आली. मला वाटलं, तपासणी संपली. पडद्याकडे बघितलं तर मशीन आवाज देतच होतं, वरचेवर मोठा करून. मी बटण हातात धरून बसले होते.

ज्याचा आलेख असा डावीकडे सपाट आणि उजवीकडे खाली कोसळलेला असतो, त्याला आम्ही आपसांत घसरगुंडी म्हणतो. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ, त गळून पडतात. कुकरची शिट्टी लांबून आल्यासारखी वाटते. काकांची तर नाहीच. हे मी शंभर जणांना समजावून सांगितलेलं आहे. पडद्यावरचा माझा आलेख पुसून टाकला, हेडफोन खुंटीला लावले आणि बाहेर येऊन डबा खाल्ला. कुणीतरी लोणचं पुढे केलं, मी घेतलं.

त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पन्नाशीत होतं. चष्म्याचा नंबर वाढतो तसंच. मी स्वतःच इतकी वर्षं हेच तर सांगत आले होते, आणि ते सगळं बरोबरही होतं. तरी मला जी लाज वाटली ती नागडं सापडल्यासारखी होती. वयाची नव्हती. ज्या एका गोष्टीवर मी सगळ्यांना गप्प बसवत असे, तीच माझ्याकडे नव्हती. आणि चष्म्याचा नंबर बदलून भागावं, असं माझं काम नव्हतं. कान हेच माझं माप होतं. ते गेलं तर नव्या मॉडेलवर शेवटचा शब्द माझा राहणार नव्हता. ते काम माझ्या हातून गेलं असतं तर मग दिवसभर मी काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी सांगितलं नाही. मी चेहरे बघायला लागले.

शिट्टी वाजली की ऐकू येणारा माणूस डोळे बारीक करतो. त्याला आवरत नाही. आमच्याकडे कान तपासणारी एक मुलगी आहे, ऑडिओलॉजिस्ट, पार्ल्याची, तिशीतली, बोलायला सावध. ती मिठीच्या वेळी समोर उभी असायची. मी काकांच्या गालाला गाल लावायचे आणि डोळे तिच्या भुवयांवर ठेवायचे. भुवई हलली की मी म्हणायचे, "येतेय. उघडा परत." नाही हलली की "ठीक." मीटिंगमध्ये मी भिंतीकडे पाठ करून बसायला लागले, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. विनोद झाला की बाकीच्यांच्या मागोमाग हसायचे. फोनवर कुणी भरभर बोललं तर "मेल कर ना, लेखी बरं पडतं" म्हणायचे. मला वाटत होतं, छान जमतंय. साच्यावरच्या माणसाची मुलगी आहे, ओठ वाचणं रक्तातच असणार, असंही एकदा वाटून गेलं.

दिवाळीनंतर नवीन मॉडेल निघायचं होतं. कवच माझं होतं, अगदी पहिल्या रेघेपासून. एका संध्याकाळी मी शेवटची मिठी मारली, भुवई हलली नाही, मी "ठीक" म्हटलं आणि निघाले. खाली गेल्यावर लक्षात आलं की डब्याची पिशवी वरच राहिली. लिफ्ट बंद होती, जिन्यानं परत आले.

प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. ती मुलगी काकांना मिठी मारून उभी होती, डोळे मिटून. शेजारी आमचा मोल्डिंग बघणारा माणूस, भांडुपचा, माझ्याहून थोडा लहान. त्याचा आवाज बाजारात ओरडून भाजी विकावी असा आहे. त्याचं बोलणं मला दारातून सगळं ऐकू आलं. तिचं एक अक्षरही नाही.

"आली?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"वाट लागली. म्हणजे परत उघडायचं. आणि मॅडमना काय सांगायचं?"

ती काहीतरी म्हणाली.

"अगं, किती वेळा स्क्रू सैल होणार यार? मागच्या वेळी पण स्क्रूच सांगितला होता ना."

ती काहीतरी म्हणाली आणि तिनं गाल काकांपासून काढला.

"ना बाबा. मी नाय सांगणार. तू कानवाली, तू सांग."

तो वळला तर दारात मी.

त्या क्षणी बोलून टाकता आलं असतं. दोघांचे चेहरे असे झाले होते, जणू चोरी त्यांनीच केली होती. मी आत गेले, पिशवी उचलली आणि म्हटलं, "स्क्रू सैल आहे का? उद्या सकाळी मला दाखवा तो."

"हो मॅडम," तो म्हणाला.

घरी जाताना मी त्यांच्यावरच चिडत होते. माझ्या पाठीमागे माझं काम परत तपासतात. मी सांगितलेलं रद्द करतात. मुलुंड येईपर्यंत माझ्याकडे त्यांना झापायची वाक्यं तयार होती. रात्री बाबांना वाढलं, भांडी आवरली, झोपले. वाक्यं तयारच होती.

सकाळी मी जागेवर जाऊन बसले आणि तो आला. त्याच्या हातात प्लास्टिकचं झाकण होतं आणि झाकणात खरोखरच एक स्क्रू होता.

"हा बघा मॅडम. हाच सैल होता. आटे गेले होते."

मी स्क्रू चिमटीत धरून उजेडात बघितला. त्यानं घासून त्याचे आटे खरंच घालवले होते. सकाळी लवकर येऊन केलं असणार. बोटांना अजून धातूची काळी पूड होती. हा माणूस मापात केसभर फरक असला तर माल परत पाठवणारा. हे वळण त्याला मीच लावलं होतं, आरडाओरडा करून. आणि आता तो घाम पुसत माझ्यासमोर खोटा स्क्रू घेऊन उभा होता, मला खोटं पडावं लागू नये म्हणून.

माझी सगळी वाक्यं गेली.

"हा ह्या मॉडेलचा नाही," मी म्हटलं.

"माहितीये मॅडम."

"कधीपासून चाललंय हे?"

त्यानं झाकणाकडे बघितलं. "गणपतीच्या आधीपासून."

"कोणाकोणाला माहितीये?"

"आमच्या दोघांनाच." मग खरं सांगावं असं वाटलं असेल, म्हणाला, "आणि स्टोअरमध्ये. आणि पॅकिंगच्या बायकांना. पण वर कोणी नाही बोललं मॅडम. शपथ."

मी त्या मुलीला बोलावलं. ती आली आणि हात बांधून उभी राहिली. मी विचारलं, तुला कसं कळलं.

"आधी वाटलं, तुमचं लक्ष नसेल. मग दिसलं की तुम्ही माझ्याकडे बघता. मग मी एकदा मुद्दाम चेहरा कोरा ठेवला. शिट्टी चांगली मोठी होती. तुम्ही ठीक म्हणालात."

"आणि मग नेहमीच कोरा ठेवायला लागलीस?"

"नाही मॅडम. कधी ठेवायचे, कधी नाही. नेहमी ठेवला असता तर तुम्हाला कळलं असतं ना."

म्हणजे मी पास व्हायचे की नापास, ते ती ठरवत होती, मला संशय येऊ नये एवढ्या बेतानं. मी तिच्या भुवया वाचत होते आणि ती माझ्यासाठी भुवया हलवत होती. सगळ्या पॅकिंगच्या बायका हे जाणून मला रोज सकाळी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत होत्या. मी लपवलेलं एकाच माणसापासून लपलं होतं, आणि तो माणूस मी.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला असणार, कारण ती मागे सरकली.

"कसं सांगणार मॅडम? तुम्ही लोकांना काय बोलता ते घाटकोपरला ऐकलंय मी."

ती त्या शनिवारी तिथेच होती. माझ्या लक्षातही नव्हतं.

त्याच दुपारी तिनं माझे कान रीतसर तपासले. ह्या वेळी मी काही पुसलं नाही. आलेख आधीच्यापेक्षा वाईट निघाला नाही, एवढंच काय ते बरं. ती पेशंटशी बोलतात त्या आवाजात बोलायला लागली, "आता आपल्याला कसं मशीन आवडेल," वगैरे. मी तिला म्हटलं, ते सगळं मला पाठ आहे, पुढे चल. मग तिनं ट्रे पुढे ठेवला. त्यातली बहुतेक कवचं माझीच. माझा हात कुठे गेला हे तिनं बघितलं. मी सगळ्यात बारीक उचललं होतं, जे अगदी आत जातं.

"उजव्या कानात घाम जास्त येतो तुम्हाला. कानामागचं जास्त टिकेल," ती म्हणाली.

"हेच दे."

मशीन चालू झालं आणि पहिल्यांदा एसीचा आवाज आला. मग तिच्या बांगड्यांचा. मग माझाच, "झालं का?" असा. मी इतकी मोठ्यानं बोलत होते हे मला तेव्हा कळलं. खोके बनवणाऱ्यांच्या मजल्यापर्यंत जात असेल. गेले कित्येक महिने मी ऑफिसात खासगी म्हणून जे जे बोलले होते, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

संध्याकाळी बाबांसमोर बसून मी कानातून मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"तुझा?"

"हो."

"बॅटरी खयच्या पट्टीची?" आमच्या बॅटऱ्यांवर रंगीत पट्टी असते, त्यावरून आकार कळतो.

"पिवळ्या."

"माझी निळी. माझी मोठी," ते म्हणाले, आणि मला खात्री आहे की त्यांना त्यात अभिमान वाटला. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "माझ्यामुळा झाला काय ता?"

"नाही बाबा. तुमचं मागाच्या आवाजानं झालं. ते मुलांना लागत नाही. माझं वयाचं."

"मगे बरा," ते म्हणाले. पण रात्री जेवताना ते हळू बोलायचा प्रयत्न करत होते. त्यांना ते जमत नाही. नुसतेच ओठ हलत होते.

पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं. लांबण लावली नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, मी मशीन लावलंय, आजपासून शेवटची मिठी आपली ऑडिओलॉजिस्ट मारेल आणि तिनं नाही म्हटलं की नाही. नियमाच्या कागदावरून माझ्या हुद्द्याचं नाव काढून तिच्या हुद्द्याचं घातलं. सगळे टेबलाकडे बघत होते. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही आणि कुणी तसं दाखवायचं नाटकही नीट केलं नाही. भांडुपवाला एकटा म्हणाला, "झकास मॅडम," आणि मग हे म्हणायला नको होतं असा चेहरा केला.

माझं काम काही गेलं नाही. ज्याची एवढी भीती घातली होती स्वतःला, ते पाच मिनिटांत उरकलं आणि पुढचा विषय खोक्यांच्या रंगाचा होता.

मालक मात्र मीटिंग संपल्यावर मागे थांबले. ते खूश दिसत होते. म्हणाले, "हे तर फार छान झालं. आपल्याच इंजिनिअरच्या कानात आपलंच मशीन. माहितीपत्रकावर तुमचा फोटो टाकू. बाजूनं काढलेला. केस मागे घेतलेले. लोकांची लाज जाते अशानं. तुम्हीच तर नेहमी म्हणता."

खरं होतं. मीच म्हणते.

"मी तंत्रज्ञ आहे साहेब, मॉडेल नाही," मी म्हटलं. ते हसले, मीही हसले. ते म्हणाले, विचार करा, घाई नाही. मी विचार करते म्हटलं आणि केला नाही. त्यांनी नंतर दोनदा आठवण करून दिली. एकदा मी काम आहे म्हटलं आणि एकदा बाबांना बरं नाही म्हटलं. बाबा ठणठणीत होते. शेवटी त्यांनी कुठल्यातरी एजन्सीकडून एका बाईचा फोटो आणला. ती पंचविशीतली आहे आणि तिला अर्थातच सगळं ऐकू येतं.

ऑफिसात माहीत आहे, बाहेर कुणाला माहीत नाही. बिल्डिंगमध्ये नाही, नातेवाइकांत नाही. बाबा लिफ्टमध्ये विषय काढू लागले की मी त्यांना डोळ्यांनी गप्प करते. खुणा त्यांना कळतात. घाटकोपरला मी आता जात नाही, टोचण्याच्या तक्रारी मेलवर मागवते.

सध्या पुढच्या मॉडेलचं कवच काढतेय. आतला स्पीकर थोडा तिरका बसवला आणि बॅटरीचं दार पातळ केलं तर मशीन कानात अजून दोन मिलिमीटर आत जाईल. मग समोरून नाहीच, बाजूनंही दिसणार नाही. ह्या दोन मिलिमीटरसाठी मी सगळ्यांच्या मागे लागले आहे. भांडुपवाल्यानं परवा विचारलं, "मॅडम, एवढं आत कशाला? आहे ते कुठे दिसतंय?"

मी त्याला सांगितलं, ग्राहकांची मागणी आहे.